माहेरच्या नावाने

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही तिघं शिरोड्याला एका घरी गेलो. अध्यक्ष, खजिनदार आणि मी. घरच्या बाईंनी आम्हाला सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवायला सुनेला सांगितलं आणि आत जाऊन एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. पिशवीत रेशनकार्ड, विजेची जुनी बिलं, मुलाच्या शाळेचे दाखले. त्यांतून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. आमच्याच संस्थेचं पत्र, २०१७ सालचं. ‘आपण पाठवलेल्या माहितीसोबत आवश्यक कागदपत्रे जोडलेली नसल्याने आपल्या नावाचा विचार करता येत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.’ खाली कार्यवाह म्हणून सही माझी.

त्या रागावल्या नाहीत. “बाई, सर्टिफिकेट वाळवीनं खाल्लं. हे तेवढं राहिलं,” एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं. आज लिहिते आहे.

आमची संस्था लहान आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जे खेळले, ज्यांनी खेळात काही करून दाखवलं, त्यांचा मान करायचा, एवढंच तिचं काम. दरवर्षी २९ ऑगस्टच्या आसपास, म्हणजे ध्यानचंद यांच्या जयंतीला धरून, तिघांना बोलावून शाल, श्रीफळ आणि मानपत्र देतो. कार्यकारिणीत आम्ही सातजण. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात, म्हणून सुरुवातीला सात जमवली आणि पुढे सातच राहिली. कुणाला मानधन नाही, प्रवासखर्च नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका शाळेच्या वाचनालयात बैठक असते. शाळा खोली देते, पातळभाजी आणि पाव आळीपाळीने प्रत्येकजण आणतो.

मी स्वतः मैदानातली नव्हे. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मला घेतलं ते इतिवृत्त नीट लिहिते म्हणून. कागदाच्या बाबतीत मी काटेकोर आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा झाली की चौदा दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे जावी लागते, आणि ती एकाही वर्षी उशिरा गेलेली नाही. पावतीपुस्तकाचा एकही पावतीक्रमांक गहाळ नाही. त्याच काटेकोरपणाने मी २०१७ चं ते पत्र लिहिलं होतं.

अध्यक्षांबद्दल सांगायलाच हवं, कारण ही संस्था त्यांच्यामुळे सरळ चालते. ते फुटबॉलवाले. गोव्यात खाणमालकांच्या कंपन्यांचे संघ होते, धेंपो, साळगावकर, सेझा, त्या काळात तेही एका कंपनीकडून खेळले आणि तिथेच नोकरीला लागले. १९८३-८४ चा संतोष करंडक गोव्याने मद्रासमध्ये पंजाबला हरवून जिंकला, ती अंतिम लढत त्यांनी रेडिओला कान लावून ऐकली होती, आणि ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव ते आजही उभं राहून घेतल्यासारखं घेतात. ताळगावचा हा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला. अर्जुन पुरस्कार मात्र आला तो १९९७ साली, देशासाठी खेळणं थांबल्यावर दहाएक वर्षांनी, आणि पद्मश्री २०२२ मध्ये. अध्यक्ष म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाला एवढं थांबावं लागलं, तर आपल्या तालुक्यातल्या माणसाकडे कोण बघणार? आपणच बघायला हवं. संस्था निघाली ती या एका वाक्यावर.

नियमही त्यांनीच आग्रहाने घालून घेतले. खेळ सोडून पाच वर्षं झाल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, म्हणजे टाळ्यांचा आवाज खाली बसतो आणि काम दिसतं. आणि साध्या बहुमताने नाव मंजूर करायचं नाही, पाच मतं हवीतच. अमेरिकेत कूपर्सटाउनला बेसबॉलचं जे कीर्तिदालन आहे तिथे पाच वर्षं थांबावं लागतं आणि ७५ टक्के मतं लागतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. २०२४ च्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या टेनिसच्या दालनात लिअँडर पेस आणि विजय अमृतराज यांना स्थान मिळालं, आशियातले पहिले पुरुष म्हणून, तेव्हा अध्यक्ष वर्तमानपत्राचं पान घेऊनच बैठकीला आले. लिअँडरचे वडील वेस पेस गोव्यात जन्मलेले, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक मिळवलेल्या संघातले. ते पान आता वाचनालयाच्या कपाटाला आतल्या बाजूने चिकटवलेलं आहे.

पण माणूस कळतो तो नियम स्वतःवर येतो तेव्हा. एका वर्षी अध्यक्षांच्या सख्ख्या पुतण्याचं नाव आलं. व्हॉलीबॉलचा खरोखर चांगला खेळाडू, नाव दुसऱ्याच सभासदाने सुचवलेलं. विषय निघताच अध्यक्ष उठले, चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि “माझं घरचं आहे, मी बाहेर थांबतो” म्हणून निघून गेले. खिडकीतून मला ते दिसत होते. शाळेच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली पाठमोरे उभे, हात मागे बांधलेले. आत चर्चा लांबली. पाऊण तास ते तसेच उभे होते, एकदाही वळून बघितलं नाही. सहाजणांत मत झालं: चार बाजूने, दोन विरुद्ध. पाच हवीत, म्हणजे नाव पडलं. मी त्यांना आत बोलावलं, निर्णय सांगितला. कोण बाजूने, कोण विरुद्ध हे त्यांनी विचारलं नाही. तेव्हाही नाही, आजपर्यंतही नाही. त्या दोघांपैकी एक मी होते. पुतण्याचं खेळणं थांबून पाच वर्षं पुरी व्हायला काही महिने कमी होते, म्हणून मी विरुद्ध मत दिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी अध्यक्षांचा फोन आला तो मानपत्रांच्या छपाईबद्दल, नेहमीच्याच आवाजात.

अशा माणसाच्या हाताखाली काम करत असताना ते २०१७ चं पत्र माझ्या हातून गेलं. म्हणून ते जास्त लागतं.

तेव्हा आम्ही अर्ज मागवायचो. सगळीकडे मागवतात, सरकारी पुरस्कारांनाही मागवतात, त्यामुळे त्यात काही चुकतंय असं वाटलंच नव्हतं. सूचनाफलकावर नोटीस, सोबत फॉर्म, फॉर्मसोबत प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती. त्या वर्षी आलेल्या अर्जांत एक शिरोड्याचा होता. खो-खो, १९८१, शाळेच्या संघातून गोव्यातर्फे बाहेरच्या राज्यात खेळले, असं दोन ओळींत लिहिलेलं, बहुधा मुलाच्या हस्ताक्षरात. प्रमाणपत्राची प्रत नाही. वर्तमानपत्राचं कात्रण नाही. मी फाइलवर ‘अपुरे’ असा शेरा मारला, तो अर्ज बैठकीपुढे ठेवला, सगळ्यांनी मान डोलावली, मी पत्र टाकलं. फोंड्याहून शिरोड्याला बस आहे. तासही लागत नाही. त्या वेळी ती बस पकडावी असं आमच्या सातांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

मग आला २०२५ चा जानेवारी. दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, १९ तारखेला भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने हरवलं, मुलांनीही नेपाळलाच ५४-३६ ने. टीव्हीवर मॅटवरचा खो-खो, रंगीत कपडे, दिवे. फेब्रुवारीच्या बैठकीत आमचे खजिनदार म्हणाले, या वर्षी खो-खोतलं कुणीतरी हवं. खजिनदार आमच्यात सर्वांत लहान, हिशेबाची प्रॅक्टिस करणारा तरुण. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून विचारलं, “बाई, मागे शिरोड्याचा एक अर्ज आला होता ना?” आठ वर्षांपूर्वीचा अर्ज त्यांच्या लक्षात होता. माझ्याही होता.

म्हणून आम्ही त्या सोप्यावर बसलो होतो.

पत्र वाचून झाल्यावर मी माफी मागितली. ते शब्द कसे निघाले मला आठवत नाही. त्या म्हणाल्या, “आतां कित्याक तें?” आता कशाला ते, आणि सालदाटी केळ्यांचा घड पुढे सरकवला. मग हळूहळू बोलायला लागल्या. मडगावहून मीटरगेजची गाडी, कुळें, दूधसागर, लोंढा, मिरजेला गाडी बदलायची. धबधब्याजवळ सगळ्या मुली खिडकीतून हात बाहेर काढून बसलेल्या, मास्तर ओरडताहेत. सगळ्या अनवाणी खेळणाऱ्या, बूट फक्त प्रवासाला. प्रमाणपत्रावर ‘गोवा, दमण व दीव’ असं छापलेलं होतं, कारण तेव्हा आपण राज्य नव्हतो, ते १९८७ साली झालो. त्या कागदाची शाई निळी होती, हेसुद्धा त्यांना आठवत होतं.

अध्यक्षांनी विचारलं, खांबाजवळ गडी कसा मारायच्या? त्या उठल्या. सोप्याच्या लाकडी खांबाशी गेल्या, पदर खोचला. डावा तळवा खांबावर असा काही रोवला की बोटांची पेरं पांढरी झाली, उजवा पाय खांबाच्या बुंध्याशी लावला, आणि सगळं अंग एका झोक्यात पलीकडे फिरवून उजवा हात लांब फेकला. हात हवेतच थांबला, तिथे जणू कुणाची पाठ होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई. सून चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तशीच थांबली. “आई, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत,” ती म्हणाली.

त्या खांबाजवळच्या फिरकीला प्रमाणपत्र लागत नव्हतं. पण नोंद लागते, हेही मी मानते. नुसत्या आठवणींवर मानपत्र दिलं तर उद्या कुणीही काहीही सांगेल, आणि ज्याने खरंच घाम गाळला त्याच्या मानपत्राची किंमत जाईल. प्रश्न एवढाच होता की ती नोंद शोधायची कुणी. मडगावला जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये ६४२ धावा केल्या, किंग्स्टनला २१२, पोर्ट ऑफ स्पेनला ११२, ब्रिजटाउनला १५०. यातली प्रत्येक धाव लिहून ठेवलेली आहे, ती सिद्ध करायला त्यांच्या घरच्यांना कधी कुठे अर्ज जोडावा लागणार नाही. क्रिकेटचं नशीब ते. शाळेच्या खो-खो संघातल्या मुलीमागे धावफलक लिहिणारा कुणी फिरत नाही.

मी पणजीला पाटो भागातल्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात जायला सुरुवात केली. हे ग्रंथालय १८३२ पासूनचं, इमारत मात्र नवी. १९८१ ची मराठी दैनिकं बांधीव फायलींमध्ये आहेत. पिवळी पानं, कडेला हात लावला की भुगा होतो, म्हणून तळहात खाली घालून पान उलटायचं. क्रीडापानावर फुटबॉल आणि क्रिकेट, खो-खो असला तर तळाशी. तीन दिवस त्यांचं नाव शोधत बसले आणि नाव कुठेच नाही. चौथ्या दिवशी दुपारी एक पान उलटताना लक्षात आलं की मी चुकीच्या बाईला शोधते आहे.

आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, नावही बदलतं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. माझंही असंच लिहिलं गेलं, त्यामुळे हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. फॉर्मवर होतं ते सासरचं नाव, सासरचं आडनाव. १९८१ साली खेळली ती चौदा वर्षांची दुसऱ्याच नावाची मुलगी. ग्रंथालयाच्या जिन्यात येऊन फोन केला, “तुमचं माहेरचं नाव काय?” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी नाव सांगितलं, हळू आवाजात, जवळ कुणी ऐकेल अशा बेताने. “किती वर्षांनी कोणी विचारलं,” म्हणाल्या.

अर्ध्या तासात सापडलं. एका स्तंभाच्या तळाशी सहा ओळी. गोव्याच्या मुली पहिला सामना जिंकल्या, दुसरा एका गुणाने हरल्या, आणि हरलेल्या सामन्यात या मुलीने ४ मिनिटे १० सेकंद पळती केली आणि चार गडी टिपले. मी ते वहीत उतरवून घेतलं, तारीख आणि पान क्रमांकासह, आणि दोनदा ताडून पाहिलं. सहा ओळी लिहिताना अक्षर नीट येत नव्हतं.

दुसरा पुरावा त्यांच्या जुन्या शाळेत मिळाला. मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटावर कृष्णधवल फोटो होता. बारा मुली, रिबिनी बांधलेल्या, पुढच्या रांगेतल्या मांडी घालून बसलेल्या, मधोमध ढाल. काच उघडून फोटो उलटा केला तर मागे कुणा मास्तरांनी बोरूसारख्या जाड अक्षरात बाराही नावं लिहिलेली, ‘बसलेल्या, डावीकडून’ या क्रमाने. त्या डावीकडून तिसऱ्या.

नाव एकमताने मंजूर झालं. चर्चा झाली ती मानपत्रावर कुठलं नाव घालायचं यावर. खजिनदार म्हणाले आधार कार्डावर आहे तेच घालूया, उद्या कुणी काही विचारायला नको. बरोबरच होतं त्यांचं. दुसरे एक सभासद म्हणाले, घरच्यांना आवडेल तेच नाव घालावं. अध्यक्षांनी मला त्यांनाच विचारायला सांगितलं. मी परत गेले, या वेळी एकटीच, बसने. त्यांनी फार विचार केला नाही. “खेळली ती ती मुलगी. मी नंतरची. तिचं नाव वर घाला.”

तसंच घातलं. वर मोठ्या अक्षरात माहेरचं नाव, खाली सासरचं.

कार्यक्रमाबद्दल थोडंच. आमच्याकडे प्रमुख पाहुणे म्हणून मंत्री किंवा आमदार नसतात. आदल्या वर्षी ज्यांचा मान झाला त्यांच्यापैकीच एकजण पुढच्या वर्षी शाल घालतो, त्यामुळे कार्यक्रम वेळेवर सुरू होतो आणि खेळाबद्दलच बोललं जातं. मानपत्र मी वाचलं. माहेरचं नाव उच्चारलं तेव्हा त्या पटकन उठल्या नाहीत, इकडेतिकडे बघितलं, मग सुनेने कोपराने ढोसलं. सभागृहात मागच्या रांगेत त्यांचे भाऊ बसले होते, ते मात्र नाव ऐकताच उभे राहिले.

पुढच्या वार्षिक सभेत नियमावली बदलली. अर्ज बंद. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने वर्षात दोन नावं स्वतः हिंडून शोधून आणायची, त्यांतलं एक बाईचं. कागद शोधायची जबाबदारी संस्थेची, खेळाडूची नाही. आणि बायकांच्या बाबतीत माहितीच्या तक्त्यात पहिला रकाना माहेरच्या नावाचा. ठराव मी मांडला, खजिनदारांनी अनुमोदन दिलं. यादी बाराव्या दिवशी निबंधकांकडे पोचली.

२०१७ चं ते पत्र मी त्यांच्याकडून मागून घेतलं आहे. ते आता संस्थेच्या फाइलमध्ये आहे, त्या सहा ओळींच्या नकलेशेजारी.

फोटोतल्या बाकीच्या अकराजणींबद्दल त्यांनी सत्काराच्या दिवशीच मला बाजूला घेऊन विचारलं होतं. फोटोची एक प्रत त्यांना दिली आहे, आणि प्रत्येक नावापुढे कोण कुठे दिली, हे त्या एकेकीला फोन करून शोधताहेत. पाचजणी सापडल्या. एक मडकईला, एक माशेलला, दोघी फोंड्यातच, एक पार बेळगावला. एक गेली. सातवी सावईवेऱ्याला आहे असं कळलंय, सासरचं नाव अजून माहीत नाही. येत्या रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघी जातो आहोत. फोटो बरोबर घेतला आहे.